नोंदवहीने लिहिलेला ‘मी’



‘मी कोण?’ हा प्रश्न आपल्या परंपरेत फार जुना आहे. ऋषिमुनींनी त्याचे उत्तर अंतर्मुख होऊन शोधले. माझ्यासारख्या पत्रकाराला मात्र तो प्रश्न एका बातमीने विचारला.

सुमारे तीस वर्षांपूर्वी, उमेदवारीच्या काळात, एका गावातील घरफोडीची बातमी मी लिहिली आणि शेवटी सहज जोडून दिले, ‘पारध्यांच्या टोळीवर संशय’. कोणालाही अटक झालेली नव्हती, साक्षीदार नव्हता, पोलिसांनीही तसे म्हटले नव्हते. बातमी छापून आली आणि दोन दिवसांत गावाबाहेरची पारध्यांची पाले उठली. ते वाक्य मी कोणाच्या सांगण्यावरून लिहिले? कोणाच्याही नाही. मग ते माझे होते काय?

त्या वाक्याचा उगम १८७१ सालच्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार, असा इंग्रज अधिकाऱ्यांचा युक्तिवाद होता. प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये व्यापक करण्यात आला आणि मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. वास्तविक हे लोक कोण होते? लमाण बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य वाहून नेत. रेल्वेने तो धंदा बुडविला. पारधी शिकारीवर जगत. जंगल कायद्यांनी अरण्याची दारे बंद केली. उपजीविका हिरावली गेली आणि मग भटकणे हाच गुन्हा ठरला. नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, पोलिसांपुढे हजेरी आणि हद्द ओलांडण्यास परवाना! सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहतच उभी राहिली. बालकाला स्वतःची ओळख होण्याआधीच सरकारी दप्तराने त्याची ओळख लिहून ठेवलेली असे.

अशी ओळख माणसाच्या आत किती खोल उतरते? लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे नाव पाहा : ‘उचल्या’. ज्या शब्दाने समाजाने हिणविले, तोच शब्द त्यांनी मुखपृष्ठावर मांडला. पुढच्याच वर्षी त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. लादलेल्या नावाकडे डोळे उघडून पाहणे, हीच त्या नावातून सुटण्याची पहिली पायरी असते.

स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या जाऊ लागल्या. तथापि, कायदा रद्द करता येतो. संस्कार रद्द करण्याचे कलम कोणत्याही विधेयकात नसते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतील जातिनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरविले. विमुक्तांना मनमानीपणे अटक होऊ नये, हेही त्याच निकालात सांगावे लागले. मधे बहात्तर वर्षे लोटली होती!

येथे आपण नेहमी अर्धाच विचार करतो. त्या नोंदवहीने केवळ त्यांनाच घडविले असे नव्हे. तिने आपल्यालाही घडविले. कुंपणाच्या आतला जन्मतः गुन्हेगार ठरला, तेव्हा बाहेरचा आपोआप सज्जन ठरला. माझे ‘सभ्य’पण, ज्याला मी माझ्या घराण्याचे संचित समजत होतो, त्याचा काही अंश त्याच परकीय लेखणीतून उतरलेला होता. इंग्रज गेले, त्यांची शाई आपल्या दौतीत राहिली, आणि माझ्यासारखे लोक ती आपलीच समजून लिहीत राहिले.

म्हणून आत्मभान म्हणजे केवळ पूर्वजांचा अभिमान नव्हे. आपल्या मनातले काय आपले आणि काय कोणी लिहून ठेवलेले, याची निवड करण्याचे धैर्य म्हणजे आत्मभान. एखाद्या जमातीचे नाव संशयासह ओठांवर येईल, तेव्हा क्षणभर थांबावे आणि विचारावे, हे कोण बोलत आहे?

ती पाले पुढे कोठे गेली, मला ठाऊक नाही. त्या बातमीचे शुद्धिपत्रही कधी छापले गेले नाही. आजचे हे भाषण तेच शुद्धिपत्र समजावे, ही विनंती.