नकाशा अंगणात आखा
(महिला मेळाव्यातील भाषण)



दवाखाना कसा बांधायचा हे कोण ठरवतं? अभियंते, आरोग्य खात्यातले साहेब आणि कंत्राटदार. बाळंतपणाची खोली बाळंतिणीला विचारून आखलेली आपल्या जिल्ह्यात मी तरी पाहिलेली नाही. विचारलंच तर टेबलावर नकाशा पसरतात. हल्ली संगणकावर रंगीत चित्र दाखवतात. त्यात मोटारी असतात, हिरवळ असते. (नंदुरबारच्या मे महिन्यात तिला पाणी कोण घालणार?) धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून बांबूच्या झोळीत घालून आणलेली बाई त्या चित्रात नसते. झोळी वाहणारे नसतात. त्यांनी रात्री कुठे टेकायचं, भाकरी कुठे भाजायची, हे कुठल्या रेघेत लिहिलंय?

एका पाड्यावर आम्ही वेगळं करून पाहिलं. दोरी लावून फक्कीनं अंगणात बाळंतपणाची खोली आखली, खऱ्या मापाची. टेबलाच्या जागी खाट ठेवली, दाराशी दोघी साडी धरून उभ्या राहिल्या. आठ महिन्यांच्या पोरीला म्हटलं, आता चालून बघ. तोवर गप्प बसलेल्या बाया बोलायला लागल्या, कुणी पावरीत, कुणी भिलीत. एक म्हातारी दाई बाहेरच्या बाकाच्या जागी जाऊन बसली आणि म्हणाली, दार उघडलं की इथल्या बाप्यांना सगळं दिसतंय. संडासापर्यंत पावलं मोजली, चाळीस भरली. कळा येताना चाळीस पावलं, तीही उघड्यावरून! कागदावर ते बोटभर अंतर होतं.

ही काही आमची नवलाई नाही. रांगोळी, बिया, काड्या घेऊन गावानं जमिनीवर आपला नकाशा काढायचा, ही पद्धत १९९०च्या दशकात आपल्या देशात बरीच रुळली. पण ती पाणलोटाला वापरली, दवाखान्याला क्वचितच.

गडचिरोलीत मात्र डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली 'सर्च' सुरू केल्यावर आदिवासींनाच विचारलं, दवाखान्यात का येत नाही? मोठ्या इमारतीची भीती वाटते, असं उत्तर आलं. पांढऱ्या कपड्यांचीही वाटते, कारण पांढरं तर मढ्यावर घालतात. आणि नातलगांना आत ठेवत नाहीत. म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांसारखा झाला, नातलगांना सोबत राहता येईल असा, आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली सांगितलं की बाळंतपणात बाईला हवं ते माणूस जवळ असावं, तिला सोयीचं वाटेल तशी तिला बसू द्यावी. म्हणजे टेबलाशेजारी सोबतिणीला जागा हवी आणि उकिडवं बसणारीसाठी जमीन मोकळी हवी. ही जागा आधीच फूट-इंचात धरावी लागते. मागाहून परिपत्रक काढून भिंत सरकत नाही.

डॉक्टरांचंही ऐकायचं. निर्जंतुकीकरणाची जागा, नवजात बाळाचा कोपरा कुठेही ढकलता येत नाही. आणि नर्सबाईंना त्या फक्कीवरून जरूर चालवा. रात्रपाळीला एकटी असते ती. तिच्या खोलीला आतून कडी आहे का, तिचा संडास कुठे आहे, हे तिला तरी कुणी विचारलंय?

पेसा कायदा १९९६चा, आपल्या राज्याचे नियम २०१४चे. आपल्या ग्रामसभांना त्यांचा आधार आहे. तेव्हा नव्या उपकेंद्राची निविदा निघण्याआधी, बाजाराचा दिवस सोडून, अर्धा दिवस मागायचा. आखणी गावात करायची. बायांनी सुचवलेले बदल त्याच नकाशावर शाईनं लिहून घ्यायचे, खाली ग्रामसभेचा ठराव क्रमांक. अभियंत्यांनी मोजपट्टी आणावी. फक्कीचं पोतं आपण आणू.