उलाळ गाडी आणि पिनाकाचं नाक

मी वडीगोद्रीचा, बीटेक करून सध्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. आज बोलू क्षेपणास्त्र सरळ कसं जातं यावर.

आपल्याकडं ऊस भरताना वजन मागं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. रॉकेटचंही तसंच. त्यात दोन जागा महत्त्वाच्या. एक गुरुत्वमध्य, म्हणजे वजनाचा तोल जिथं सांभाळतो ती जागा. दुसरा दाबमध्य, म्हणजे हवेचा एकूण जोर जिथं लागतो ती जागा. दाबमध्य मागं असेल, तर नाक भरकटलं तरी हवाच शेपूट ढकलून ते परत सरळ करते. बाणाला मागं पिसं लावतात ती यासाठीच. दाबमध्य पुढं गेला, की रॉकेट कोलांटी खातं.

अडचण अशी की या दोन्ही जागा उड्डाणात हलतात. इंधन जळतं तसा गुरुत्वमध्य सरकतो. वेग आवाजाच्या वेगाजवळ पोचला की दाबमध्य सरकतो.

म्हणून वायुबोगदा. बंगळुरूच्या एनएएलमध्ये १.२ मीटरचा असा बोगदा १९६७पासून आहे. टाक्यांत दाबून भरलेली हवा एकदम सोडतात, वेग मॅक ४पर्यंत जातो. आत दांड्यावर बसवलेलं छोटं मॉडेल वेगवेगळ्या कोनात तिरकं करतात आणि आतला तराजू बल आणि पीळ मोजतो. नाक वर केल्यावर पीळ त्याला खाली आणत असेल, तर मॉडेल स्थिर.

आता आपल्या पुण्याच्या एआरडीईचं पिनाका घ्या. व्यास २१४ मिलिमीटर. सुरुवातीच्या रॉकेटला दिशादर्शन नव्हतं, सगळी भिस्त शेपटीच्या पंखांवर. पुढं मार्गदर्शित पिनाका आलं, पल्ला ७५ किलोमीटरपर्यंत गेला. वळता यावं म्हणून नाकाजवळ छोटे हलते पंख दिले. पण पुढं पंख लावले की दाबमध्यही पुढं येतो! म्हणजे वळण्याची सोय केली, की स्थिरता कमी होते. आणि स्थिरता फार ठेवली, तर वळतच नाही. किती ठेवायची, हा खरा प्रश्न.

आम्ही कोडवाले म्हणतो, सिम्युलेशन करू की. करावंच, स्वस्त पडतं. पण आवाजाच्या वेगाजवळ हवेचं गणित फार किचकट होतं, तिथं बोगद्यातले आकडे हाताशी हवेतच. कारण चूक राहिली तर ती स्क्रीनवर दिसत नाही, भलत्याच शिवारात पडते.

घरी करून बघा: पुठ्ठ्याच्या नळीला मागं पंख लावा, तोल साधतो तिथं दोरा बांधा आणि मोकळ्या जागेत गोल फिरवा. नाक पुढं राहिलं तर स्थिर. नाही राहिलं, तर नाकात थोडी माती भरा, दोरा नव्या तोलावर सरकवा, परत फिरवा.