ओटीपी कुणाच्या हातात?

(वस्तीपातळीवरील कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



“या वयात बायांना कॉम्प्युटर-मोबाईल शिकवून काय करायचंय?” हा प्रश्न मला मुला-सुनांनी विचारला, तसाच आपल्यातल्या कार्यकर्त्यांनीही विचारला. म्हणून आधी पैशाचं बोलते. श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ साली महिना दीड हजार झाली. ती थेट बँकेत जमा होते. पासबुक बाईच्या नावावर असतं, पण आमच्या वर्गातल्या बहुतेकींच्या खात्याला जोडलेला मोबाईल नंबर मुलाचा नाहीतर जावयाचा निघाला. पैसे कधी आले, किती निघाले, हे दुसऱ्याने सांगितलं तरच तिला कळणार!

सरकारी नजरेत ही बाई कुठे आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरातल्या ३३ बायकांनी इंटरनेट कधीतरी वापरलं होतं, पुरुषांपैकी ५७ जणांनी. पण ही आकडेवारी १५ ते ४९ वयाची. पन्नाशीपुढची बाई मोजलीच नाही. २०१७ मध्ये ग्रामीण भागासाठी डिजिटल साक्षरता अभियान सुरू झालं, त्यात वयाची अट १४ ते ६० होती आणि घरटी एकालाच प्रवेश होता. तो एक कोण असणार, हे तुम्हाला सांगायला नको.

आता शिकवण्याबद्दल. पहिला नियम, शिकवणारीने स्वतःचे हात पाठीमागे ठेवायचे. नातू ‘शिकवतो’ म्हणजे फोन हिसकावून स्वतः करून टाकतो. माऊसवर हात बसावा म्हणून आम्ही आधी पत्त्यांचा खेळ लावतो. अक्षर मोठं, भाषा मराठी. वाचता येत नसेल तरी अंक ओळखता आले की सुरुवात होते. धुणीभांडी आणि शेतमजुरी करून बोटांच्या रेषा झिजतात. मग अंगठ्याचं मशीन ठसा घेत नाही, मोबाईलही बोट ओळखत नाही. बाई म्हणते, “मलाच जमत नाही.” तेव्हा यंत्र तिच्या हातांसाठी बनलेलं नाही, हे स्पष्ट सांगावं लागतं.

‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे सगळेच शिकवतात. फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० ला फोन करा, हेही सांगतो. पण मागणारा घरातलाच असेल तर? एका मावशींनी स्वतः खातं उघडून पाहिलं. तीन महिने पैसे आले त्याच दिवशी काढले गेले होते. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या दोघींना सोबत घेऊन बँकेत गेल्या, नंबर बदलून आल्या. घरात आठवडाभर अबोला होता. त्या दिवसांत दोघी रोज त्यांच्याकडे जाऊन बसत. नुसतं बटण दाबायला शिकवून भागत नाही, ते असं.

तेव्हा आपापल्या गटात एवढं करा. प्रत्येकीच्या खात्याला कुणाचा नंबर आहे ते विचारा. वर्ग दुपारी घ्या, नातवंडांना सोबत आणू द्या. आणि नंबर बदलायला जाणाऱ्या बाईला एकटीला पाठवू नका.