नव्या संगणकातून धूर निघतो तेव्हा

संगणकाचे सुटे भाग आता घरबसल्या मागविता येतात. त्यामुळे बसवकल्याणसारख्या तालुक्याच्या गावीही एखादा हौशी विद्यार्थी ते भाग आणून स्वतःच्या हाताने संगणक जुळवू शकतो. ही विद्या फारशी अवघड नाही. परंतु बटण दाबताच ठिणगी उडाली, जळका वास आला किंवा धूर दिसला, तर पहिला मोह होतो तो पुन्हा एकदा बटण दाबून पाहण्याचा. हा मोह आवरणे हेच दुरुस्तीचे पहिले पाऊल होय.

संगणकाच्या आतील भागांना अवघा १२ व्होल्टचा दाब पुरतो. त्याचा हाताला धक्का बसत नाही; म्हणून तो निरुपद्रवी आहे, अशी पुष्कळांची समजूत होते. तथापि ६०० वॉटचा पॉवर सप्लाय त्याच १२ व्होल्टवर सुमारे ५० अँपिअर प्रवाह देऊ शकतो. एवढा प्रवाह भलत्या वाटेने वाहिला, तर तार तापून लाल होते आणि प्लॅस्टिक पेटते.

हे केवळ तर्काचे बोलणे नव्हे. एनझेडएक्सटी या अमेरिकन कंपनीने २०२० साली ‘एच-१’ नावाची संगणकाची पेटी विक्रीस आणली. तिच्यातील एका सर्किट बोर्डाला बसविलेल्या दोन धातूच्या स्क्रूंमुळे शॉर्टसर्किट होऊन आग लागण्याचा संभव होता. कंपनीने प्रथम नायलॉनचे स्क्रू पाठविले. परंतु खरा दोष स्क्रूत नव्हताच. १२ व्होल्टची वाट स्क्रूच्या भोकालगत नेलेली होती. उद्या कोणी नकळत धातूचा स्क्रू लावला असता, तर धोका पुन्हा उभा राहिला असता. अखेर फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे ३२,००० पेट्या सदोष म्हणून जाहीर झाल्या आणि तो बोर्डच बदलून देण्यात आला. लक्षण झाकणे निराळे आणि कारण शोधणे निराळे, ते असे.

श्रोतेहो, याच कल्याण नगरीत विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली आणि तीत साक्षीपुराव्याचा सांगोपांग विचार केला. पुराव्यावाचून निवाडा नाही, हा न्याय यंत्रालाही लागू आहे. प्रथम भिंतीवरील बटण बंद करावे आणि मगच प्लग काढावा. ज्वाळा दिसल्यास घराचा मेन स्विच पाडावा. पाणी मुळीच ओतू नये. सारे शांत झाल्यावर वास कोठून येतो, काळा डाग कोठे पडला आहे, ते नीट पाहावे. वास पॉवर सप्लायमधून येत असेल, तर तो कधीही उघडू नये. त्यातील कपॅसिटरमध्ये वीज तोडल्यानंतरही तीनशे व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहू शकतो. तो तसाच विक्रेत्याकडे परत द्यावा.

दोष अन्यत्र असेल, तर संशयित थोडेच असतात. मदरबोर्डाखाली चुकीच्या जागी राहिलेला पितळी आधार, सुटून पडलेला स्क्रू, अर्धवट बसलेला जोड किंवा दुसऱ्या पॉवर सप्लायची तार. ही तार जोडात बसते, पण आतील क्रम निराळा असल्याने पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट जाऊ शकतात. कारण सापडण्यापूर्वी नवा पॉवर सप्लाय जोडू नये. तोही बळी पडेल. संगणक सुरू होऊन क्षणात आपोआप बंद पडत असेल, तर बहुधा संरक्षक यंत्रणा इशारा देत आहे, असे समजावे.

शेवटची गोष्ट अर्थिंगची. लोखंडी पेटीला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर ती बहुधा अर्थिंग नसल्याची खूण असते. दोन पिनांची वाढीव तार वापरणे किंवा प्लगची तिसरी पिन तोडणे म्हणजे पहारेकऱ्यालाच घराबाहेर काढणे होय. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे आणि जाणत्या वायरमनकडून ती तपासून घ्यावी. भाग जळला तर नवा आणता येतो. जुळविणारा हात मात्र बाजारात मिळत नाही.