नाताळाचं झाड : कुंडीतून अंगणात



नाताळ सरला की काही घरांत एक प्रश्न उभा राहतो. कुंडीतलं झाड हौसेनं आणलं, सजवलं, आता त्याचं करायचं काय? आपल्या भागाला नाताळ काही नवा नाही. कोल्हापुरात १८५२ पासून मिशनचं काम आहे, आणि नदीपलीकडे मिरजेत मिशनचा दवाखाना १८९४ साली निघाला. आता तर पोरांच्या हौसेखातर इतरांच्या घरीही हे झाड येतं. मग जानेवारीत ते कोपऱ्यात पडतं आणि वाळून जातं. थोडी काळजी घेतली, तर तेच झाड पुढं नातवंडं बघतील.

आधी झाड ओळखा. रोपवाटिकेत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतं, ते बहुधा आरोकेरिया असतं. त्याचं मूळ घर दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवर. तिथं ते दीडशे फुटांच्याही वर जातं. आपल्याकडे तेवढं नाही, तरी घराच्या वर सहज जातं. कोणी सुरूची फांदी तोडून सजवली असेल, तर ती लावून उपयोग नाही. तिला मूळच नाही. तिचे तुकडे करून चुलीला घाला.

आता माझीच चूक सांगतो. मी असं एक झाड नाताळ झाल्याबरोबर अंगणातल्या काळ्या रानात लावलं. खोल खड्डा काढला, शेणखत भरलं आणि उसाला द्यावं तसं पाणी सोडलं. शिवाय पोरगी रोज तांब्याभर घालायचीच. होळीच्या सुमारास खालच्या फांद्या पिवळ्या पडल्या. उपटून बघतो तर मुळं काळी पडलेली आणि मातीला कुबट वास. पोरीला वाटलं, तिचंच काही चुकलं. चूक तिची नव्हती, माझी होती. काळ्या रानातला खोल खड्डा म्हणजे रांजणच. पाणी आत जातं, बाहेर पडत नाही.

घाई करू नका. झाड घरात आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. सजावटीची तार, कापूस, चमकी सगळं काढा. मग आठवडाभर सोप्यात ठेवा, पुढचे पंधरा दिवस सकाळचं कोवळं ऊन द्या. घरातून एकदम कडक उन्हात नेलं, तर पानं करपतात. पाण्याची सोय असेल तर संक्रांतीनंतर लावा. नसेल तर कुंडीतच सांभाळा आणि मृगाचा पाऊस होऊन वापसा आल्यावर लावा.

जागा. घरापासून वीस-पंचवीस फूट लांब, आणि वर विजेची तार नको. हे फार महत्त्वाचं आहे. तारेखाली लावलं की पुढं शेंडा छाटावा लागतो, आणि शेंडा गेला की झाडाचा डौल गेला. बांधावरही लावू नका. हिवाळ्यात सावली उत्तरेला पडते. उत्तरेच्या बांधावर लावलं तर शेजाऱ्याच्या रानात, दक्षिणेच्या बांधावर लावलं तर आपल्याच पिकावर. भाऊबंदकीला आणखी एक निमित्त कशाला?

शिरोळ तालुक्यात आणखी दोन गोष्टी बघा. २००५, २०१९ आणि २०२१ सालचा पूर आपण भोगला आहे. जिथं पाणी चढलं होतं, ती जागा सोडा. आणि जिथं जमिनीवर पांढरं फूल येतं, ती क्षारपड जमीनही नको. हे झाड समुद्राचा खारा वारा सोसतं, पण मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही.

लावणी. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, पण कुंडीएवढाच खोल घ्या. भारी जमीन असेल तर फूटभर उंच, पसरट उंचवटा करून त्यावर लावा. मातीत थोडी वाळू आणि एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. कच्चं शेण घालू नका, त्यातून हुमणी येते. कुंडी आडवी करून झाड मातीच्या गड्ड्यासकट काढा. मुळं मोकळी करत बसू नका. गड्डा जमिनीच्या वर बोटभर राहील असा बसवा, माती दाबा आणि सावकाश बादलीभर पाणी द्या.

पुढची निगा. बोट मातीत दोन पेरं घालून बघा. कोरडं लागलं तरच पाणी द्या. बुंध्याभोवती उसाचं पाचट पसरा, पण बुंध्याला टेकवू नका. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूला गोणपाट बांधा. युरिया देऊ नका. मृगात घमेलंभर कुजलेलं खत पुरे. शेरडांपासून जपायला भोवती बाभळीची काटी लावा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. याची बाजूची फांदी कलम म्हणून लावली, तर ती जगली तरी आडवीच वाढते, सरळ झाड होत नाही. खालची फांदी एकदा गेली की तिथं पुन्हा फुटत नाही. म्हणून पुढच्या नाताळाला फांद्या तोडू नका. अंगणातच दिव्यांची हलकी माळ घाला, शेंड्याला मात्र जड चांदणी बांधू नका.

लक्षात ठेवा
१. आधी सावली, मग ऊन.
२. उंच जागा, उथळ खड्डा.
३. वर तार नको, बाजूला भिंत नको.
४. पाणी बेतानं.
५. शेंड्याला हात नाही.

आमच्या अंगणात दुसरं झाड उंचवट्यावर लावलं. पाणी पोरगीच घालते, पण आता आधी बोट घालून बघते. तुम्हीही तसंच करा.