आकाशरेषा आणि जमीन

शहराचे रूप हा सुखवस्तूंच्या फावल्या वेळचा विषय आहे, अशी समजूत आपल्या चळवळीतही रुजलेली आहे. ज्याला डोक्यावर छप्पर नाही त्याला इमारतीच्या उंचीशी काय कर्तव्य, असा युक्तिवाद केला जातो. परंतु इमारत किती उंच व्हावी आणि घर कोणास मिळावे, हे पुष्कळदा एकच नियम ठरवीत असतो.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील इमारतींचे मालक निरनिराळे, वास्तुशिल्पीही निरनिराळे; तरी उंची जवळजवळ सारखी. कारण समुद्र हटवून केलेले भूखंड देतानाच बांधकामाच्या मर्यादा घातल्या होत्या. २०१८ साली हा परिसर जागतिक वारसा ठरला. त्या घरांत कामगार राहावयास गेले नाहीत, हेही खरे. शिस्त होती, समता नव्हती.

गिरणगावात दोन्ही साधण्याची संधी होती. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि सुमारे ६०० एकर जमीन विकासाच्या वाटेवर आली. १९९१च्या नियमाने तिचे ढोबळमानाने तीन वाटे केले : एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकाला. १९९६ साली वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या समितीने एकत्रित आराखड्याचा विचार मांडला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी होणार ती फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, इमारतींखालची जमीन त्यातून सुटली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली या दुरुस्तीविरुद्ध निकाल दिला, तर सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती उचलून धरली.

मग प्रत्येक गिरणीचा स्वतंत्र मनोरा उभा राहिला. वाहनतळाचे मजले चटईक्षेत्रात मोजले जात नाहीत. म्हणून जेथे खिडक्या, दुकाने, ओटे असावयाचे, तेथे पादचाऱ्याला मोटारींच्या मजल्यांची भिंत दिसते. कोठे एखादे धुराडे शोभेसाठी राखले आहे! गिरणी कामगारांसाठी २०१२ साली ६,९२५ घरांची सोडत निघाली, तेव्हा अर्जदार लाखाहून अधिक होते.

आकाशरेषेला वळण लावावयाचे तर उंचीच्या मर्यादेबरोबर जमिनीचे वाटेही एकाच नकाशावर ठरले पाहिजेत. १९६६च्या नगररचना अधिनियमाच्या ३७व्या कलमानुसार विकास आराखड्यातील फेरबदलाची सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी महिन्याभराची मुदत असते. बांधकाम व्यावसायिकांचे सल्लागार ती सूचना त्याच दिवशी वाचतात. आपल्या शाखांत ती कोण वाचतो?