स्लो कुकर आणि भरली शिमला मिरची

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात महिला मंडळाने घेतलेल्या पाककृती कार्यक्रमात दिलेले भाषण. प्रात्यक्षिकाचा भाग थोडक्यात दिला आहे.)



मंडळाच्या मुली मला म्हणाल्या, "काकू, यंदा काहीतरी नवीन दाखवा." मी म्हटलं, भांडं नवीन दाखवते, भाजी मात्र जुनीच. भाजी आहे भरली शिमला मिरची आणि भांडं आहे स्लो कुकर. या कुकरला शिटी नाही, त्यामुळे शिट्या मोजायला नकोत.

मुळात ही भाजी का निवडली, ते आधी सांगते. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेकजण चाळिशीत होतो. आता आपण पासष्ट-सत्तरीचे झालो. मुलं पुण्याला, बंगलोरला, काहींची तर साता समुद्रापलीकडे. घरात दोघंच, काही घरांत एकच माणूस. मंडळाच्या बैठकीत मी सहज विचारलं, की गेल्या चार-पाच वर्षांत तुमच्याकडे कोणता पदार्थ व्हायचा बंद झाला? भराभर उत्तरं आली. पाटोडीचा रस्सा, भरली वांगी, भरली मिरची, पुरणपोळी. का बंद झाला, याचं उत्तरही सगळ्यांचं एकच: "ओट्यापाशी उभं राहवत नाही हो."

यात आळस नाही. भरली मिरची कढईत करायची म्हणजे आच मंद ठेवायची, दर चार मिनिटांनी झाकण काढायचं, एकेक मिरची हलक्या हाताने फिरवायची, खाली लागते का बघायचं. अर्धा तास हलता येत नाही. त्यात आपला मे महिना! बाहेर पंचेचाळीस आणि ओट्यापाशी त्याहून जास्त. आपल्या नागपूरच्या विष्णू मनोहरांनी २०१७ साली सलग पन्नासहून अधिक तास उभं राहून स्वयंपाक करण्याचा विक्रम केला. आपला विक्रम पंधरा मिनिटांचा, की लगेच गुडघा बोलायला लागतो.

मग काय होतं? आधी भरल्या भाज्या जातात. मग उसळ जाते. मग रात्री खिचडी, नाहीतर दूध-पोळी, नाहीतर "मला आज भूकच नाही". ताट असं हळूहळू लहान होत जातं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. या वयात वजन उतरायला लागलं की हातापायांतली ताकदही जाते. म्हणून मला वाटतं, हा प्रश्न चवीपुरता नाही. तब्येतीचा आहे.

आता हे भांडं. विजेवर चालणारं, आत मातीचं जाड, चकचकीत लेप दिलेलं पात्र, वर काचेचं झाकण. हे अमेरिकेतून आलं असलं तरी संथ आचेचा स्वयंपाक आपल्याला काही नवीन नाही. आपल्या वऱ्हाडात रोडगे कसे करतात? गोवऱ्या पेटवायच्या, जाळ बसला की निखाऱ्यात कणकेचे गोळे पुरायचे आणि आपण वांग्याच्या भाजीकडे वळायचं. रोडग्यांजवळ कोणी उभं राहत नाही, राखच त्यांना सांभाळते. चुलीला बाजूला वैल असायचा. मुख्य जाळावर भाकरी आणि वैलावर वरण, दूध आपलं आपलं होत राहायचं. पुढे १९१० साली कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी इकमिक कुकर काढला. डब्यावर डबे, खाली थोडेसे कोळसे. वरण, भात, भाजी एकाच वेळी, आणि कोळसा लावला की माणूस मोकळा.

अमेरिकेतली गोष्टही अशीच आहे. आयर्विंग नॅक्सन नावाच्या संशोधकाची आई मूळची लिथुआनियाकडची, ज्यू. त्यांच्यात शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत चूल पेटवायची नसते. म्हणून शुक्रवारी सगळ्या घरची भांडी गावातल्या बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवायची. भट्टी निवत जायची आणि रात्रभर त्या उबेत भाजी शिजायची. आईकडून ऐकलेली ही गोष्ट लक्षात ठेवून नॅक्सनने विजेचं भांडं बनवलं आणि १९४० साली त्याला पेटंट मिळालं. १९७१ मध्ये ते 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आलं आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं. म्हणजे बघा, तिकडची भट्टी काय आणि आपल्या गोवऱ्यांची राख काय, युक्ती एकच. पदार्थाला लागेल तितका वेळ लागू द्यायचा, पण तितका वेळ आपण तिथे उभं राहायचं नाही.

या कुकरला 'लो' आणि 'हाय' अशी दोन बटणं असतात. लोकांना वाटतं, लो म्हणजे कमी गरम. तसं नाही. दोन्हीत शेवटी भाजी उकळीच्या जवळपासच पोहोचते, लोवर सावकाश आणि हायवर लवकर, एवढाच फरक. वीज किती लागते? भांडं २०० वॅटचं धरलं तर सहा तासांत सव्वा युनिटच्या आतच.

आता कृती. सहा मिरच्यांचं प्रमाण सांगते, लिहून घ्या.

मिरच्या मध्यम, बुटक्या आणि बुडाशी सपाट घ्या, म्हणजे भांड्यात उभ्या राहतात. देठाकडून टोपीसारखा काप काढा, टोपी फेकू नका. आतल्या बिया आणि पांढऱ्या शिरा काढा. आतून मीठ चोळून ठेवा.

सारणाला एक वाटी बेसन मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत कोरडं भाजा. हे टाळू नका. स्लो कुकरमध्ये काही भाजलं जात नाही, फक्त शिजतं. कच्चं बेसन घातलंत तर सहा तासांनीही कच्चटच लागेल. त्यात अर्धी वाटी भाजलेल्या फल्लीदाण्यांचा कूट, दोन चमचे भाजलेले तीळ, दोन चमचे भाजलेलं किसलेलं सुकं खोबरं, एक बारीक चिरून परतलेला कांदा, मूठभर सांबार, हळद, मीठ, दोन चमचे काळा मसाला आणि तिखट. तिखट भिवापूरचं असेल तर उत्तमच, त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि ते आपल्याच जिल्ह्याचं आहे. पण जपून, शिमला मिरची स्वतः तिखट नसते म्हणून हात सैल सुटतो. चवीला गूळ, मधुमेह असेल तर तो वगळा. तीन चमचे तेल आणि पाण्याचा हबका मारून सारण मुठीत वळेल इतपत ओलं करा. पाऊण मिरचीच भरा, बेसन फुगतं. वर टोपी ठेवा.

पुण्याकडून आलेल्या सुनांसाठी खुलासा: सांबार म्हणजे कोथिंबीर आणि फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे. (हशा)

कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी किंवा चातुर्मास पाळणाऱ्यांनी कांद्याऐवजी तासभर भिजवून भरड वाटलेली मुगाची डाळ घालावी. ती दोन चमचे तेलावर मोकळी होईपर्यंत परतून घ्या. फार छान लागते.

आता भांड्याच्या तळाशी तीन टमाटर बारीक चिरून, अर्धी वाटी गरम पाणी, मीठ आणि हळद. मोहरी-हिंगाची फोडणी गॅसवर करून यावर ओता. एवढंच पाणी पुरे. झाकणाला धरलेली वाफ पुन्हा खालीच पडते, त्यामुळे नेहमीच्या अंदाजाने पाणी घातलंत तर शेवटी सूप होईल. मिरच्या उभ्या ठेवा, एकमेकींना टेकवून. वरून पडणारे वाफेचे थेंब टोप्या अडवतात, सारण गचगचीत होत नाही. आणि टमाटर केवळ चवीला नाहीत. आंबटाने भाजी लवकर मऊ पडत नाही, म्हणून मिरची इतके तास राहूनही लगदा होत नाही.

लोवर पाच-साडेपाच तास, हायवर पावणेतीन ते तीन. मधे झाकण उघडायचं नाही! एकदा उघडलं की कोंडलेली वाफ जाते आणि वीस-पंचवीस मिनिटं वाढतात. हिरव्या मिरचीचा रंग उतरून शेवाळी होतो, ते साहजिक आहे, रंगासाठी सोडा घालू नका. रंग हवा असेल तर लाल-पिवळ्या मिरच्या घ्या. बराच वेळ शिजल्याने क जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून ताटात लिंबाची फोड हवीच. आणि ज्यांना कवळी आहे त्यांच्यासाठी एक आनंदाची गोष्ट: शिजल्यावर साल बोटाने सुटून येते.

आता तीन गोष्टी कान देऊन ऐका.

पहिली. आपल्याकडचे बरेचसे स्लो कुकर मुलांनी अमेरिकेहून आणलेले आहेत. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. नुसती पिन बदलणारा अडॅप्टर लावून कुकर सुरू केला तर त्यात जवळजवळ पावणेचार पट उष्णता तयार होते. भांडं जळेल, आगही लागू शकते. कुकर उलटा करून बुडाची पट्टी वाचा. फक्त १२० लिहिलं असेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तोही कुकरच्या वॅटपेक्षा जास्त क्षमतेचा. पट्टी वाचता येत नसेल तर कोणातरी नातवाला वाचायला लावा, पण वाचल्याशिवाय लावू नका.

दुसरी. सारणात राजमा घालायचा असेल तर तो भिजवून, भिजवलेलं पाणी फेकून, आधी प्रेशर कुकरमध्ये पूर्ण शिजवून घ्या. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. ते खळखळून उकळल्यावरच जातं. स्लो कुकरच्या मंद आचेवर ते राहू शकतं आणि उलट्या-जुलाब होतात.

तिसरी. मधेच लाइट गेली तर? तुम्ही घरात असाल तर लगेच मिरच्या गंजात काढून गॅसवर पूर्ण शिजवा. घरी नव्हतात आणि लाइट किती वेळ गेली होती ते कळत नसेल, तर ती भाजी खाऊ नका. कोमट अन्नात जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपल्या उन्हाळ्यात तर तासाभरातच. शिळी भाजीही या कुकरमध्ये गरम करू नका, ती गॅसवर वाफ येईपर्यंत तापवा.

ज्यांच्याकडे हा कुकर नाही त्यांनी माझ्या भाषणामुळे तो विकत घेऊ नये. जाड बुडाची कढई, खाली तेच टमाटर, वर खोलगट ताटली आणि ताटलीत पाणी. आच अगदी बारीक. पाण्यामुळे झाकण तापत नाही, वाफ आतच जिरते आणि भाजी सहसा लागत नाही. चाळीसेक मिनिटं लागतील. जवळ खुर्ची घेऊन बसा, शेंगा सोला, पण उठून दुसऱ्या खोलीत मात्र जाऊ नका. गॅस विसरण्याचं आपलं वय झालं आहे, हे मान्य करूया.

शेवटचा मुद्दा हिशेबाचा. हे भांडं निदान अर्धं भरलेलं असलं तरच नीट शिजवतं. एक मिरची किंवा दोन मिरच्या त्यात होत नाहीत, सहा कराव्या लागतात. आणि दोन माणसांना सहा मिरच्या जास्त होतात. काही जणींनी मला विचारलंही, की मग उरलेल्यांचं काय करायचं?

मैत्रिणींनो, पंचवीस वर्षांपूर्वी आपण हा प्रश्न विचारत नव्हतो. तेव्हा लिफ्ट सुरू व्हायची होती, पण वाट्या जिने चढत-उतरत होत्या. पहिल्या मजल्यावरची वाटी तिसऱ्यावर जायची आणि रिकामी परत यायची नाही. मुलं शिकायला बाहेर गेली तसं वाट्यांचं येणं-जाणंही थांबलं, कारण वाटी पोचवणारे पाय त्यांचेच होते.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. ज्या घरी आठवड्यातून एकदा हे भांडं लागेल, त्या घराने दोन मिरच्या स्वतःला ठेवाव्या, दोन एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याकडे आणि दोन समोरच्या दारी द्याव्या. पोचवायचं काम मागच्या खुर्च्यांवरच्या बालगोपाळांचं. त्यांना एरवी आपल्या घरात यायला काही कारणच उरलेलं नाही, ते मिळेल. आणि दार उघडलं की पोरांनी एवढंच बघून यायचं, की आजी-आजोबांनी आज जेवण केलं का. नसेल केलं तर येऊन मंडळाला सांगायचं.

रौप्यमहोत्सवाला आपण इमारतीला रंग दिला, गेट नवीन केलं, छान झालं. त्याच यादीत ही एक वाटी धरावी, एवढी विनंती करते. पहिल्या आठवड्याची पाळी माझी.